भिंतींचं व्याकरण: बीडच्या रस्त्यावरची चित्रं, अक्षरं आणि रोजचं जगणं



आजचा विषय 'रस्त्यावरची कला' असा छापला आहे. हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर मुंबई-पुण्यातल्या मोठ्या भिंतींवरची रंगीत चित्रं येतात. मग आपल्याला वाटतं, बीडमध्ये असं काय आहे बोलण्यासारखं? मला उलट वाटतं. बीडमध्ये एखाद्या सकाळी बसस्टँडपासून जुन्या गावातल्या वेशीपर्यंत चालत गेलात, तर दोनशे-तीनशे चित्रं आणि हजारभर ओळी तुमच्या नजरेखालून जातात. वाढदिवसाचे फ्लेक्स, सरकारी घोषणा, शाळेच्या बोलक्या भिंती, दुकानांच्या पाट्या, मशिदीबाहेरचा नमाजाच्या वेळांचा फळा, दारापुढची रांगोळी. पुस्तक न वाचणारा माणूसही हे सगळं वाचतो. आपल्या गावातलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं साहित्य हेच. आणि ज्याची समीक्षा कधीच होत नाही, असं साहित्यही हेच.

म्हणून आज मी समीक्षा करणार आहे. 'किती छान रंगवलंय' किंवा 'किती विद्रुप झालंय शहर' ही समीक्षा नव्हे, ही आवडनिवड झाली. समीक्षा म्हणजे हे काय बोलतं, कुणाशी बोलतं आणि काय बोलायचं टाळतं, ते बघणं. त्यासाठी मला मोठं शास्त्र लागत नाही. शाळेत आपण सगळे क्रियापदाचे चार अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. तेवढं पुरेल.

आठवतं ना? 'पाणी आलं' हा स्वार्थ. व्याकरणातला स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. जे घडलं, घडतंय, घडेल ते नुसतं सांगणं. 'पाणी जपून वापरा' हा आज्ञार्थ. 'पाणी यावं' हा विध्यर्थ, म्हणजे इच्छा, कर्तव्य, शक्यता. आणि 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' हा संकेतार्थ. हा शेवटचा आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भिंतींना आज्ञार्थ उत्तम येतो, विध्यर्थ त्याहून उत्तम येतो, पण स्वार्थातला वर्तमानकाळ जवळजवळ येत नाही. आज, इथं, या गल्लीत काय घडतंय हे आपली भिंत सांगत नाही. हे नुसतं कलेचं दुखणं नाही. ज्या माणसांचं जगणं भिंतीवर कधीच येत नाही, त्यांचं जगणं गावाच्या लेखी घडलेलंच नसतं.

आधी थोडं मागे जाऊ. मोठ्या पृष्ठभागावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिणं ही आपल्याकडे फ्लेक्सबरोबर आलेली गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंत होऊन गेले. काळ १५५१ ते १६१५. त्यांची 'पासोडी' तुम्हाला माहीत असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर पंचीकरणाचा विचार, म्हणजे पंचमहाभूतांपासून हे सगळं कसं घडलं तो वेदान्तातला अवघड भाग, ओव्यांमध्ये आणि आकृत्यांसकट लिहिलेला. ४० बाय ४. आजच्या फ्लेक्सवाल्याला विचारा, तो लगेच चौरस फुटाचा हिशोब सांगेल! गंमत सोडा. पण कागदाची पोथी हातात असताना एका माणसाला कापड का घ्यावंसं वाटलं असेल? पोथी एक जण मांडीवर घेऊन वाचतो. ४० फुटांचं कापड उलगडलं की त्याच्याभोवती चार-दहा माणसं उभी राहू शकतात, एका आकृतीवर बोट ठेवून 'हे कसं?' असं विचारू शकतात. लिखाणाचा आकार बदलला की वाचणाऱ्यांची बैठक बदलते. पासोडीकडून मी एवढीच कसोटी उचलतो: मोठं लिहिलंय, तर ते किती माणसांना जवळ येऊ देतं?

आता आजच्या भिंती एकेक करून बघू.

पहिली सरकारी भिंत. प्राथमिक आरोग्य केंद्र, पंचायत समिती, झेडपीची शाळा, पाण्याची टाकी. भाषा आज्ञार्थाची. शौचालय बांधा. झाडे लावा. पाणी अडवा, पाणी जिरवा. कर भरा. लेक वाचवा. यातली एकही ओळ चूक नाही. पण व्याकरण बघा. आज्ञार्थाचा कर्ता नेहमी 'तुम्ही' असतो. म्हणजे बोलणाऱ्याला सगळं ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्याचं चुकतंय, हे आधीच ठरलेलं असतं. भिंत उभी आहे आणि गाव तिच्यापुढे अंगठे धरून उभं आहे.

'लेक वाचवा' ही ओळच घेऊ, कारण ती आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त ऐकवली गेली आणि ऐकवायलाच हवी होती. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत ८०७. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांत ८७ ने घट. ही घट कुठे झाली? सोनोग्राफीच्या यंत्राशी, बंद दाराआड, पैसे घेऊन. पण भिंतीवर काय आलं? एका फुलासारख्या मुलीचं चित्र, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, आणि आईला उद्देशून एक विनवणी. जो गुन्हा डॉक्टर, दलाल आणि घरातली कर्ती माणसं मिळून करत होती, त्याबद्दल भिंत बोलली ती आईशी. चित्र गोड होतं, रंग चांगले होते, आणि पत्ता चुकला होता. समीक्षक म्हणून मी या चित्राला वाईट म्हणतो ते यासाठी. रेषा कच्ची आहे म्हणून नाही.

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. २०१९ मध्ये ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. जवळपास सहा बायकांमागे एक. हा आकडा वर्तमानपत्रांत आला, विधिमंडळात आला. पण ज्या तांड्या-वस्त्यांवरच्या या बायका आहेत, तिथल्या भिंतीवर 'हे ऑपरेशन करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा' एवढी आज्ञासुद्धा मी पाहिलेली नाही. म्हणजे बघा, आज्ञार्थालाही आवडतं-नावडतं असतं. मुलगी जन्माला घाला हे भिंतीला सांगता येतं. त्या मुलीचं पुढे काय होतंय, हे सांगताना भिंतीचा रंग संपतो.

दुसरी भिंत सुशोभीकरणाची. स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या आणि शहरांत कंपाउंडच्या भिंती रंगवायची लाट आली. चित्रं कोणती? छत्रपती शिवाजी महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई, बाबासाहेब, अहिल्यादेवी. मग एखादा किल्ला, झाड, मोर. आणि एक शेतकरी, पांढरेशुभ्र दोन बैल, खांद्यावर नांगर, मागे हिरवंगार शेत. थोरांची चित्रं असावीतच. पण ही भिंत भूतकाळात बोलते आणि शेतकऱ्याचं चित्र तर कोणत्याच काळात बोलत नाही. ते हिरवं शेत आपल्याकडे कोणत्या साली होतं, ते मला चित्रकाराला विचारायचंय! ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला शेतकरी, सोयाबीनला भाव नाही म्हणून मोंढ्यात पोत्यावर बसलेला शेतकरी, असा आपला रोजचा माणूस त्या बैलांच्या मागे लपवलेला असतो.

थोरांच्या चित्रांबद्दलची सर्वांत चांगली समीक्षा एका सिनेमानं करून ठेवली आहे. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री'. शेवटाकडे जब्याचं कुटुंब मेलेलं डुक्कर काठीला बांधून चाललेलं असतं आणि मागे शाळेची भिंत. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. दिग्दर्शक एक शब्द बोलत नाही. भिंत जिथे आहे तिथेच, माणसं जिथे आहेत तिथेच, फक्त कॅमेरा दोघांना एका चौकटीत आणतो. त्या क्षणी भिंतीवरच्या भूतकाळासमोरून वर्तमानकाळ चालत जातो आणि आपल्याला मान खाली घालावीशी वाटते. ते चित्र ज्यानं कुणी रंगवलं असेल, त्याच्या हातात हे नव्हतं. पण आपल्या हातात आहे: थोरांच्या शेजारी आजचा माणूस रंगवायचा की नाही.

तिसरी भिंत म्हणजे खरं तर भिंतच नाही. फ्लेक्स. याच्याबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण फ्लेक्सला शिव्या घालणं फार सोपं आहे.

फ्लेक्सच्या आधी पेंटर होता. प्रत्येक तालुक्याच्या गावाला दोन-चार पेंटर असायचे. सुताला नीळ लावायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून फटका मारायचा, की भिंतीवर शिरोरेघेची सरळ रेघ उमटायची. मग तिला अक्षरं टांगायची. कोपऱ्यात लहान अक्षरांत स्वतःचं नाव. त्या अक्षरांना गावाचं वळण होतं. एका पेंटरचा 'श' दुसऱ्यासारखा नसायचा. जाणकार माणूस नाव न वाचता सांगायचा, हे कुणाचं काम आहे. कापडी बॅनर, दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची ओळ, निवडणुकीतली भिंत, लग्नाच्या मांडवावरचं 'स्वागतम्', सगळं त्याच हातातून जायचं. फ्लेक्स छापायची यंत्रं आली आणि हा हात काही वर्षांत रिकामा झाला. कुणी वाहनांचे नंबर रंगवू लागला, कुणी संगणकावर डिझाइन शिकला, कुणी घरांना रंग द्यायला लागला. फ्लेक्सवर चार-सहा ठरलेले फॉन्ट. केजचा फ्लेक्स आणि कोल्हापूरचा फ्लेक्स, नावं झाकली तर ओळखता येणार नाही.

आता फ्लेक्सचं व्याकरण बघा. वरती नेते, उतरत्या क्रमानं. मध्ये ज्याचा वाढदिवस तो, चष्मा, मोबाइल कानाला. खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. आणि मजकूर? 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', 'भावी' अमुक, 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान'. क्रियापद शोधा. सापडत नाही! एवढ्या मोठ्या मजकुरात कुणी काही केल्याचं एक क्रियापद नाही. सगळी विशेषणं आणि इच्छा. व्याकरणातला स्वार्थ शून्य, दुसरा स्वार्थ पुरेपूर.

पण इथे थांबू नका. फ्लेक्सची दुसरी बाजू न सांगता पुढे गेलो तर ती अर्धी समीक्षा होईल.

आपण मराठवाड्यात बसलो आहोत. इथे पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ काय असतो हे आपल्याला शिकवायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. प्रत्यक्षात नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. एका प्रवेशद्वारावरच्या नावासाठी साडेपंधरा वर्षं, जाळपोळ, घरं उद्ध्वस्त, माणसं गेली. तेव्हा एप्रिलमध्ये जयंतीला एखाद्या वस्तीतली पोरं चौकात भला मोठा फ्लेक्स लावतात आणि खाली स्वतःचे फोटो टाकतात, तेव्हा त्याला नुसतं 'विद्रुपीकरण' म्हणणारा माणूस मला अडाणी वाटतो. ज्यांच्या बापाला त्या चौकात मान वर करून उभं राहता येत नव्हतं, त्यांचा चेहरा त्या चौकात २० फुटांवर लागलाय. हा कलेचा मोठा क्षण आहे, फॉन्ट कितीही वाईट असो.

तसंच २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावच्या वेशीवर 'राजकीय नेत्यांना गावबंदी' असे फलक लागले. मागणीबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, फलक म्हणून त्याकडे बघा. ज्या लोखंडी चौकटीवर एरवी नेत्याचं स्वागत लागतं, त्याच चौकटीवर नेत्याला 'येऊ नका' म्हणणारा मजकूर. आज्ञार्थ होता, पण पहिल्यांदा तो गावाकडून वरच्या दिशेनं गेला. आणि त्याच वेळी हेही बघा की 'गाव' म्हणताना त्या फलकात गावातले सगळे धरले होते का, हा प्रश्न पुढच्या वर्षी गल्लीगल्लीत उभा राहिला. वेशीवरची पाटी सगळ्यांच्या नावानं बोलते, पण लिहिताना सगळे नसतात.

पाटी या जिल्ह्यात किती नाजूक झाली आहे याची आणखी एक खूण. २०२५ मध्ये बीड पोलीस दलात टेबलावरच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली गेली, फक्त नाव ठेवलं. आडनाव वाचलं की माणूस जात वाचतो आणि पुढचं वाक्य त्याप्रमाणे बोलतो, म्हणून. बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण टेबलावरच्या सहा इंचांच्या पाटीतला एक शब्द पुसावा लागतो, तिथे चौकातल्या २० फुटी फ्लेक्सवर आपण आडनावांची रांग रोज वाचतो. समीक्षा नको म्हणणाऱ्यांना मी हे विचारतो.

बेकायदा फलकांसाठी कायदाही आहे. मालमत्तेच्या विद्रुपीकरणाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ चा. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला, फलक काढा म्हणून सांगितलं. पण कायदा फक्त एकच प्रश्न विचारतो: परवानगी होती का? परवानगी असलेला फलकही कोराच असू शकतो. तो प्रश्न कायद्याचा नाही, आपला आहे.

आणि फ्लेक्सचा शेवट कुठे होतो? उतरवला की तो वाया जात नाही. कडब्याच्या गंजीवर जातो. पत्र्याच्या गळक्या फटीवर जातो. आणि ऊसतोड मजुरांच्या कोपीवर जातो. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या आजूबाजूला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या पडतात. त्यावर कधी कधी जुना फ्लेक्स असतो, उलटा टाकलेला. आत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर 'कार्यसम्राट'. रस्त्यावरच्या कलेचा एवढा बोचरा नमुना कुठल्याही कलाकारानं मुद्दाम केलेला नाही. छप्पर म्हणून तो फ्लेक्स पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाचा ठरतो.

चौथी जागा सगळ्यात साधी. फळा. तालमीचा, वाचनालयाचा, गणेश मंडळाचा, ग्रामपंचायतीच्या दारातला. काळा रंग दिलेली चार बाय तीनची जागा आणि खडू. कुणीतरी सकाळी येऊन लिहितं. 'अमुक यांच्या मातोश्रींचं निधन, अंत्यविधी ११ वाजता.' 'रक्तदान शिबिर रविवारी.' 'हरवलेली शेळी सापडली आहे, ओळख पटवून न्यावी.' 'नळाला पाणी उद्या सुटेल.' पाणी मात्र आपल्याकडे नेहमी भविष्यकाळातच असतं!

या चार ओळींची समीक्षा करतो. एक, प्रत्येक ओळीत काहीतरी घडतंय. निधन झालं, शेळी सापडली. फ्लेक्सवर चेहरे आहेत, घटना नाही. फळ्यावर घटना आहे, चेहरा नाही. दोन, लिहिणाऱ्याचा हात दिसतो. 'शिबिर' कधी 'शिबीर' होतं, ओळ उजवीकडे चढते, जागा संपली की शेवटचा शब्द बारीक होतो. तीन, वर तारीख असते. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, उद्या ते पुसलं जाणार आहे. पुसायचं असतं म्हणून फळा खोटं मोठेपण घेत नाही. 'कार्यसम्राट' असं खडूनं लिहून बघा, लिहिणाऱ्यालाच हसू येईल.

फळ्याचा सोबती म्हणजे रांगोळी. तीही रोज पुसली जाते, रोज नवी येते. तिला शब्द नाहीत, पण ती बातमी देते. दारात ठिपके पडले म्हणजे घर उठलं. एके दिवशी दार कोरं दिसलं की शेजारीण विचारते, 'काय गं, बरं हाय ना घरात?' रांगोळी नसणं हीसुद्धा बातमी. आणि दसऱ्यानंतर काही वस्त्यांमध्ये ओळीनं दारं कोरी असतात, कुलूप आणि दाराशी एखादी म्हातारी. सहा महिने. ही आपल्या जिल्ह्याची सर्वांत मोठी रोजची घटना, आणि ती फक्त रांगोळीच्या नसण्यातून कळते.

पण फळ्याचंही मी कौतुकच करणार नाही. खडू कुणाच्या हातात असतो? बहुतेक वेळा ठरलेल्या दोन-चार पुरुषांच्या. फळ्यावर कुणाच्या मातोश्री जातात, कुणाच्या धर्मपत्नी जातात. बाईचं स्वतःचं नाव तिच्या मरणाच्या बातमीतही कधी कधी राहून जातं. ऊसाच्या फडात साप चावून कुणी गेलं, ट्रॉली उलटली, ते कोसो दूर घडलेलं असतं, ते फळ्यापर्यंत येत नाही. आणि जुन्या गावात मराठी फळ्यापासून पन्नास पावलांवर उर्दू फळा असतो. दोन्हींवर मयतीची बातमी असते, दोन्हींवर पाण्याची तक्रार असते, आणि एकीकडचे वाचक दुसरीकडचं वाचू शकत नाहीत. फळ्याचा वर्तमानकाळही एवढाच, एका गल्लीपुरता.

मग चांगली भिंत कशी असते? बाहेरचा एक दाखला देतो, मुद्दाम ऊसाचाच. मेक्सिकोत मोरेलोस नावाचा प्रांत आहे, ऊसाचा मुलूख. तिथल्या कुएर्नाव्हाका शहरात कोर्तेसचा जुना राजवाडा आहे, म्हणजे ज्या स्पॅनिश सरदारानं तो देश जिंकला त्याचा. १९३० मध्ये दिएगो रिव्हेरा या चित्रकारानं त्या राजवाड्याच्या भिंतीवर ऊसाचा मळा रंगवला. वाकून तोडणारे, पाठीवर ओझं वाहणारे मजूर. घोड्यावर बसलेला, हाताखालच्यांना हाकणारा मुकादम. आणि मागे सावलीत झोळीत आडवा पडलेला मालक. मजुराला त्यानं गोंडस केलं नाही, बिचाराही केलं नाही. कोण काम करतं, कोण हाकतं, कोण झोपतं, तीन क्रियापदं एका भिंतीवर. गंमत म्हणजे पैसे दिले होते अमेरिकेच्या राजदूतानं. तेव्हा 'पैसे देणारा मोठा असला की चित्र लाचार होतं' हे दर वेळी खरं नाही. चित्रात क्रियापद घालायचं की नाही, हे चित्रकाराच्या हातात थोडं तरी राहतं.

आपल्याकडेही, मुंबईच्या ससून डॉकवर २०१७ मध्ये कलामहोत्सव झाला तेव्हा तिथल्या कोळी माणसांचे मोठे फोटो त्याच गोदीच्या भिंतींवर लावले गेले. चेहरे होते, पण शुभेच्छुकांचे नव्हते. जिथे काम करतात तिथेच, काम करणाऱ्यांचे.

बीडच्या एखाद्या कंपाउंडवर मी असं चित्र शोधतोय. पहाटे तीन वाजता ट्रकला फळी लावून डोक्यावर मोळी घेऊन चढणारी बाई. वाढं विकून आलेले पैसे मोजणारा पोरगा. मुकादमाच्या वहीतली उचल. आपला जिल्हा अख्ख्या राज्याचा ऊस तोडतो आणि आपल्याच जिल्ह्याच्या भिंतीवर कोयता रंगवलेला माझ्या पाहण्यात नाही. बैल आहे, नांगर आहे, मोर आहे. कोयता नाही.

तेव्हा समीक्षक म्हणून तीन प्रश्न तुमच्या हातात देतो. उद्यापासून कोणतीही भिंत दिसली की विचारा. यात क्रियापद आहे का? म्हणजे कुणी काही करतंय का, काही घडतंय का? दुसरा: ही भिंत कुणाशी बोलते, आणि ज्याच्याबद्दल बोलते त्याच्याशीच बोलते का? आणि तिसरा: हिला उत्तर देता येतं का? फळ्यावर दुसरी ओळ लिहिता येते, रांगोळीशेजारी दुसरी रांगोळी काढता येते. फ्लेक्सला आणि सरकारी घोषणेला उत्तर देता येत नाही, फक्त फाडता येतं. म्हणूनच रात्री फ्लेक्स फाटतात आणि सकाळी गावात पोलीस येतात. ज्या भिंतीला उत्तर देता येत नाही, तिथे दगड उत्तर देतो.

आणि तीन साध्या मागण्या. नगरपालिकेनं पुढच्या वेळी भिंती रंगवायला काढल्या तर काम गावातल्या रिकाम्या हातांच्या पेंटरला द्यावं आणि कोपऱ्यात त्याचं नाव आणि साल लिहू द्यावं. प्रत्येक प्रभागात एक फळा असावा, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतील एवढा रुंद, आणि आठवड्यातले निदान दोन दिवस खडू बायकांच्या हातात असावा. आणि ज्या शाळांमधून दसऱ्यानंतर पोरं गळतात, त्या शाळांच्या बोलक्या भिंतीवर वर्णमाला आणि थोर पुरुषांच्या शेजारी एक जागा कोरी ठेवावी. एप्रिलमध्ये पोरं परत आली की त्यांनी तिथे लिहावं, ते कुठे होते आणि तिथे काय बघितलं. शुद्धलेखन आपण नंतर बघू.